मत पॅलेस्टाईनला, करार इस्रायलशी

19 नोव्हेंबर 2023 रोजी येमेनच्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात हेलिकॉप्टरमधून उतरून एक जहाज ताब्यात घेतलं. नाव ‘गॅलॅक्सी लीडर’. मोटारी वाहून नेणारं हे जहाज तुर्कस्तानातून रिकामं निघालं होतं आणि गुजरातमधल्या पिपावाव बंदराकडे येत होतं. मालकी एका इस्रायली उद्योजकाशी जोडलेली, चालवणारी कंपनी जपानी, खलाशी फिलिपिन्सपासून बल्गेरियापर्यंतचे. गाझातलं युद्ध सुरू होऊन तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता.

पुढच्या काही आठवड्यांत मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडला आणि आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जहाजं न्यायला सुरुवात केली. चाकण, तळेगाव, भोसरीतून युरोपला जाणारे सुटे भाग न्हावा शेवाहून सुएझच्याच वाटेने जात. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, कंटेनरचं भाडं काही पटींनी वाढलं. डिस्पॅचच्या टेबलावर ‘कंटेनर रोल झाला’ हे रोजचं झालं. बुकिंग आहे, पण जहाजात जागा नाही, पुढच्या जहाजाची वाट बघा. तिकडे युरोपातली असेंब्ली लाइन थांबू नये म्हणून काही माल विमानाने धाडावा लागतो, आणि तो खर्च शेवटी कुणाच्या गळ्यात पडतो हे इथल्या लहान पुरवठादाराला विचारायला नको.

संध्याकाळी टीव्हीवर ज्या प्रश्नावरून गळे काढले जातात, तो असा भाड्याच्या बिलात येऊन बसला. या पट्ट्याचं त्या प्रश्नाशी असलेलं नातं मात्र बिलापेक्षा बरंच जुनं आहे, आणि ते नीट पाहिलं तर भारताच्या परराष्ट्र धोरणात काय साधलं आणि काय सुटलं, दोन्ही दिसतं.

सुरुवात 1947 पासून करावी लागते. पॅलेस्टाईनचं काय करायचं हे ठरवायला संयुक्त राष्ट्रांनी त्या वर्षी अकरा देशांची समिती नेमली. भारत त्यात होता; प्रतिनिधी होते लाहोर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सर अब्दुर रहमान. समितीचं काम चालू असताना खुद्द भारताची फाळणी झाली. 31 ऑगस्टला जिनिव्हात अहवालावर सह्या होत होत्या, तेव्हा पंजाब पेटलेला होता. सात देशांनी पॅलेस्टाईनच्या फाळणीची शिफारस केली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी वेगळी योजना मांडली. एकच संघराज्य, त्यात एक अरब आणि एक ज्यू घटकराज्य, जेरुसलेम राजधानी, दोन सभागृहं, त्यातल्या एकात दोन्ही समाजांना समसमान जागा. अरबांना ही योजना नको होती, ज्यूंनाही नको होती. 29 नोव्हेंबरला आमसभेत फाळणीचा ठराव 33 विरुद्ध 13 मतांनी मंजूर झाला. भारताचं मत विरोधात होतं.

महाराष्ट्रातून त्याच महिन्याभरात एक निराळा सूर निघाला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 19 डिसेंबर 1947 च्या निवेदनात ज्यू राष्ट्राच्या कल्पनेचं स्वागत केलं आणि भारताने विरोधी मत दिलं याबद्दल खेद व्यक्त केला. म्हणजे आज समाजमाध्यमांवर जी दोन टोकं दिसतात ती आपल्याकडे स्वतंत्र भारताच्या पहिल्या चार महिन्यांतच होती.

17 सप्टेंबर 1950 रोजी भारताने इस्रायलला मान्यता दिली, पण दूतावासाची देवाणघेवाण टाळली. 1953 मध्ये इस्रायलला मुंबईत फक्त वाणिज्य दूतावास उघडू दिला गेला. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं इस्रायलचं भारतातलं एकमेव अधिकृत कार्यालय मुंबईत होतं, आणि त्या दूताचं कार्यक्षेत्र बराच काळ याच राज्यापुरतं आखलेलं होतं. 1982 मध्ये योसेफ हसीन या वाणिज्य दूताने एका मुलाखतीत भारताच्या धोरणावर टीका केली, तर त्याला देश सोडायला सांगण्यात आलं. कोकणातले शनिवार तेली, म्हणजे बेने इस्रायली, याच काळात मोठ्या संख्येने तिकडे गेले. लोद, अश्दोद, दिमोना या गावांत मराठी बोलणारी घरं उभी राहिली. पुण्यात उरलं ते 1867 चं ‘लाल देऊळ’ हे सिनेगॉग, रास्ता पेठेतलं दुसरं सिनेगॉग आणि थोडी कुटुंबं. दिल्लीच्या नकाशावर इस्रायल जवळपास नव्हताच. मुंबई-पुण्याच्या रोजच्या जगण्यात मात्र तो होता.

आता पिंपरीकडे येऊ. शगुन चौकातून आत शिरलं की कापडाची, भांड्यांची, मोबाइलची दुकानं एकमेकांना चिकटून उभी दिसतात. लग्नाच्या खरेदीला मावळ-खेडमधून माणसं इथे येतात आणि आजही ‘कॅम्पात जाऊन येतो’ असंच म्हणतात. हा कॅम्प फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांचा. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना 1954 मध्ये आला, कारखान्यांची रांग त्यानंतर लागली, कॅम्प त्याआधीचा. औद्योगिक पिंपरीची पहिली बाजारपेठ घरदार सोडून आलेल्या लोकांनी उभी केली.

गाझातला जबालिया हाही त्याच काळातला कॅम्प. 1948 च्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी घराबाहेर पडले. त्यांच्यासाठी डिसेंबर 1949 मध्ये ‘अन्र्वा’ ही संयुक्त राष्ट्रांची संस्था निघाली. आज तिच्याकडे सुमारे 59 लाख निर्वासितांची नोंद आहे. गाझाच्या लोकसंख्येत साधारण दहापैकी सात जण निर्वासित किंवा त्यांचे वंशज. एक कॅम्प शहराची बाजारपेठ झाला आणि दुसरा चौथ्या पिढीतही कॅम्पच राहिला, असं का झालं?

इस्रायलच्या बाजूने याचं एक तयार उत्तर दिलं जातं. भारत-पाकिस्तानात लोकांची अदलाबदल झाली, दोन्हीकडच्यांनी आपापले निर्वासित सामावून घेतले. अरब देशांतूनही लाखो ज्यू इस्रायलमध्ये आले, त्यांना आम्ही वसवलं. अरबांनी पॅलेस्टिनींना का वसवलं नाही? या उत्तरात काही तथ्य आहे. लेबनॉनने त्यांना आजवर नागरिकत्व दिलेलं नाही, आणि निर्वासितांचं दुःख जिवंत ठेवण्यात अनेक अरब राजवटींचा स्वार्थ होता. पण पिंपरीचा दाखला नीट लावला तर तो इतका सोपा राहत नाही. सिंधमधून आलेल्या माणसाला इथे आल्याबरोबर नागरिकत्व मिळालं, मत मिळालं, सरकार त्याचं स्वतःचं होतं. 1954 च्या कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेपोटी भरपाई मिळाली, अपुरी असली तरी. गाझातल्या माणसाला आधी इजिप्तचं लष्करी प्रशासन मिळालं, 1967 नंतर इस्रायलचं. मत नाही, पासपोर्ट नाही. जॉर्डनने नागरिकत्व दिलं, तिथले बहुतेक पॅलेस्टिनी त्या देशाच्या व्यवहारात मिसळून गेले. पिंपरीशी तुलना करायचीच तर ती अम्मानशी करावी, जबालियाशी नव्हे.

आणखी एक धागा फारसा कुणाला ठाऊक नसतो. निघून गेलेल्या पॅलेस्टिनींच्या जमिनी सरकारजमा करणारा ‘गैरहजर मालकांच्या मालमत्तेचा कायदा’ इस्रायलने 1950 मध्ये केला. तो करताना भारत आणि पाकिस्तानचे निर्वासित मालमत्तेचे ताजे कायदे त्यांच्यासमोर होते, हे अभ्यासकांनी दाखवून दिलेलं आहे. म्हणजे आपल्या फाळणीतून एक हत्यार तिकडे गेलं. भरपाईची यंत्रणा मात्र गेली नाही.

आणि आपल्याकडेही सगळं मिटलं असं कुठे आहे? महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सिंधी विस्थापितांच्या जमिनी नियमित करण्यासाठी विशेष अभय योजना मंजूर केली ती 2025 मध्ये! सरकार आपलं, कायदा आपला, कोर्ट आपलं, तरी जमिनीचा कागद सरळ व्हायला पाऊणशे वर्षं. जेरुसलेमच्या एकेका घराच्या मालकीचा वाद किती पिढ्या चालेल याचा अंदाज यावरून बांधता येतो.

धोरणाकडे परत येऊ. 1974 मध्ये भारताने पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला (पीएलओ) पॅलेस्टिनी जनतेचा एकमेव प्रतिनिधी मानलं. बिगर-अरब देशांत हे करणारा भारत पहिला. नोव्हेंबर 1988 मध्ये पॅलेस्टाईन राष्ट्राला मान्यता दिली. ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया तिथे पोहोचले सप्टेंबर 2025 मध्ये, म्हणजे सदतीस वर्षं उशिरा. या आघाडीचा भारताला ठोस मोबदला काय मिळाला, असा प्रश्न तेव्हाही विचारला जाई. काश्मीरच्या प्रश्नावर अरब देश पाकिस्तानच्या बाजूला झुकत. 1962, 1965, 1971 आणि पुढे 1999 च्या कारगिलमध्ये अडचणीच्या वेळी इस्रायलकडून शस्त्रं आणि दारूगोळा आला. जनता राजवटीत, ऑगस्ट 1977 मध्ये, इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोशे दायान गुपचूप येऊन मोरारजींना भेटून गेले. उघड काही झालं नाही. सोव्हिएत संघ कोसळला, माद्रिदमध्ये अरब आणि इस्रायली एका टेबलाला बसले, आणि मग 29 जानेवारी 1992 रोजी नरसिंह राव सरकारने पूर्ण राजनैतिक संबंध जाहीर केले.

तिथून पुढे दोन कप्पे झाले. एका कप्प्यात संयुक्त राष्ट्रांतली मतं, रामल्लातलं प्रतिनिधी कार्यालय, 2018 पासून अन्र्वाला वर्षाला पन्नास लाख डॉलर. दुसऱ्या कप्प्यात ठिबक सिंचन, दापोलीचं आंब्याचं आणि राहुरीचं डाळिंबाचं इस्रायली सहकार्याचं केंद्र, ड्रोन, क्षेपणास्त्रं. इस्रायलच्या शस्त्रनिर्यातीचा एक तृतीयांशाच्या आसपास हिस्सा गेली काही वर्षं एकटा भारत घेतो. पुण्याच्या भारत फोर्जच्या कल्याणी समूहाने राफेल या इस्रायली कंपनीबरोबर भागीदारी केली, कारखाना हैदराबादला 2017 मध्ये सुरू झाला. गाझा युद्धात उलट्या दिशेचा व्यवहार चर्चेत आला. इस्रायलला शस्त्रं पाठवण्याचे परवाने रद्द करावेत अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. तिच्यात नाव घेतलेल्या कंपन्यांपैकी म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीचं मुख्यालय पुण्यात आहे. 9 सप्टेंबर 2024 रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. परराष्ट्र धोरणाच्या प्रांतात आम्ही शिरणार नाही, असा त्याचा रोख होता.

हे कप्पे किती हवाबंद आहेत ते 2025 च्या सप्टेंबरात दिसलं. 8 तारखेला दिल्लीत इस्रायलबरोबर गुंतवणूक करारावर सह्या झाल्या. इस्रायलच्या बाजूने सही करणारे अर्थमंत्री बेझालेल स्मोट्रिच. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि नॉर्वे यांनी जूनमध्ये ज्यांच्यावर निर्बंध लादले, तेच हे. ऑगस्टमध्ये पूर्व जेरुसलेमलगतच्या ई-वन भागात सुमारे 3,400 घरांच्या वसाहतीला मंजुरी मिळाली, तेव्हा यामुळे पॅलेस्टिनी राष्ट्राची कल्पनाच गाडली जाईल असं ज्यांनी उघड सांगितलं, तेही हेच. आणि 12 तारखेला, चारच दिवसांनी, भारताने आमसभेत द्विराष्ट्र तोडग्याच्या न्यूयॉर्क जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिलं. ठराव 142 विरुद्ध 10 असा मंजूर झाला.

मला यात ढोंगापेक्षा सवय अधिक दिसते. गाझाबद्दलच्या आमसभेतल्या ठरावांवर भारत ऑक्टोबर 2023 मध्ये तटस्थ, डिसेंबरात युद्धबंदीच्या बाजूने. सप्टेंबर 2024 मध्ये तटस्थ, जून 2025 मध्ये पुन्हा तटस्थ, सप्टेंबरात बाजूने. प्रत्येक मताचं स्पष्टीकरण परराष्ट्र मंत्रालयाकडे असतं, आणि एकेकटं पाहिलं तर ते पटतंही. 7 ऑक्टोबर 2023 ला हमासने सुमारे बाराशे माणसं मारली, 251 ओलीस नेले. नरिमन हाउसवरचा हल्ला पाहिलेल्या आणि फेब्रुवारी 2010 मध्ये जर्मन बेकरीचा स्फोट सोसलेल्या भागात त्या दिवशी इस्रायलबद्दल सहानुभूती वाटली, यात नवल नाही. नंतर गाझातल्या मृतांचा आकडा तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीनुसार 2025 च्या ऑक्टोबरपर्यंत 67 हजारांच्या वर गेला. सहानुभूतीचा काटा कधी हलायला हवा, हे मात्र आपल्या धोरणाने कधी सांगितलं नाही. बारीक बदल गुपचूप झाले. पूर्वीच्या भारतीय निवेदनांत ‘पूर्व जेरुसलेम राजधानी असलेलं पॅलेस्टाईन’ असे शब्द असत. मे 2017 मध्ये पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास दिल्लीत आले तेव्हा ते गळालेले होते. संसदेत त्यावर धड चर्चाही झाली नाही.

रस्त्यावर चर्चा करू म्हटलं तरी अडचण. गाझासाठी आझाद मैदानात निदर्शनं करू द्यावीत म्हणून माकप मुंबई उच्च न्यायालयात गेला, तेव्हा जुलै 2025 मध्ये खंडपीठाने आधी कचरा, प्रदूषण, सांडपाणी असे आपल्या देशाचे प्रश्न पाहा असं सुनावलं. निदर्शनं पुढे ऑगस्टमध्ये झाली. मोशीच्या कचरा डेपोच्या शेजाऱ्याला कचऱ्याचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही, हे खरं. पण तोच शेजारी निर्यातीच्या कारखान्यात काम करतो आणि त्याच कारखान्याचा कंटेनर केपला वळसा घालून जातो.

मजुरांचीही एक गोष्ट यात आहे. युद्धापूर्वी पश्चिम किनाऱ्यावरचे लाखाहून अधिक पॅलेस्टिनी परवाना घेऊन इस्रायलमध्ये कामाला जात, त्यातले बहुसंख्य बांधकामावर. 7 ऑक्टोबरनंतर परवाने थांबले. नोव्हेंबर 2023 मध्ये भारत-इस्रायल करार झाला आणि शटरिंगचे सुतार, लोखंड वाकवणारे, फरशी बसवणारे आणि प्लास्टर करणारे अशा चार कामांसाठी भरती निघाली. पगार महिना सव्वा लाखाच्या पुढे. पहिली फेरी मुख्यतः उत्तर प्रदेश आणि हरियाणात झाली, दुसरीसाठी 2024 मध्ये महाराष्ट्र निवडला गेला. चाकणला ठेक्यावर काम करणाऱ्या पोराने हा आकडा ऐकून युद्धाचा विचार बाजूला ठेवला, तर त्याला नावं ठेवणं मला जमणार नाही. धोरण आखणाऱ्यांनी मात्र एवढं पाहायला हवं होतं की, ज्याची जागा आपला माणूस घेतोय त्याची रोजी हा शांततेच्या हिशेबातला एक मोठा भाग होता. सकाळी इस्रायलमध्ये कामाला जाऊन संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसाला शांतता टिकण्यात स्वतःचा फायदा दिसतो.

तोडग्यांचं काय? 1993 च्या ऑस्लो कराराने पाच वर्षांत अंतिम समझोता होईल असं गृहीत धरलं होतं. त्या वर्षी पश्चिम किनाऱ्यावर, पूर्व जेरुसलेम सोडून, सुमारे एक लाख दहा हजार इस्रायली वसाहतवाले होते. आज ते पाच लाखांच्या पुढे आहेत, आणि सुमारे साठ टक्के जमीन ‘क क्षेत्र’ म्हणून थेट इस्रायलच्या ताब्यात आहे. 2000 चं कॅम्प डेव्हिड, 2001 ची ताबा शहरातली बोलणी, 2008 मधला इस्रायली पंतप्रधान ओल्मर्ट यांचा नकाशा, हे सगळे प्रयत्न सहीच्या जवळ जाऊन फिसकटले. दोष कुणाचा यावर पुस्तकांची कपाटं भरली आहेत. वसाहती वाढत गेल्या आणि हमासचे आत्मघाती हल्ले होत राहिले, या दोन गोष्टींनी एकमेकांना खतपाणी घातलं एवढं त्यातून नक्की निघतं. 2002 ची अरब शांतता योजना अजून कागदावर आहे: 1967 च्या सीमेवर परत जा, सगळे अरब देश संबंध ठेवतील. 2020 च्या अब्राहम करारांनी ती अटच वगळून संबंध जोडले. पॅलेस्टिनींना वळसा घालून पश्चिम आशिया जोडता येईल, हा त्यामागचा विश्वास. आपला भारत-मध्यपूर्व-युरोप मार्ग सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीच्या जी-20 मध्ये जाहीर झाला तो त्याच विश्वासावर, आणि महिनाभरात तो अडकला.

एक राज्य, सर्वांना समान मत, ही मांडणी तत्त्वाला धरून आहे. पण दोन्हीकडचे बहुसंख्य तिला तयार नाहीत. मला जास्त लक्षवेधी वाटतो तो महासंघाचा विचार. दोन राष्ट्रं, पण खुली सीमा, सामायिक जेरुसलेम, एका राष्ट्राचा नागरिक दुसऱ्यात रहिवासी म्हणून राहू शकेल. इस्रायली आणि पॅलेस्टिनी कार्यकर्ते मिळून तो मांडत आहेत. त्याचा आराखडा वाचताना 1947 ची आपली संघराज्याची योजना आठवते. तेव्हा ती दोघांनीही झिडकारली, आणि पुढे आपणही विसरून गेलो.

ऑक्टोबर 2025 च्या युद्धबंदीनंतर सुरक्षा परिषदेने 17 नोव्हेंबरला ठराव 2803 मंजूर केला. त्यात गाझासाठी शांतता मंडळ आणि आंतरराष्ट्रीय फौज आहे. भारताला गाझातल्या शांतिसेनेचा अनुभव आहे. 1956 ते 1967 आपले जवान तिथे होते, जनरल ग्यानी आणि जनरल रिखये यांनी त्या सेनेचं नेतृत्व केलं, आणि 1967 च्या जूनमध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा त्यातले काही जण मारले गेले. 13 मे 2024 रोजी रफाहजवळ संयुक्त राष्ट्रांच्या गाडीवर मारा झाला. त्यात गेलेले निवृत्त कर्नल वैभव काळे हे या युद्धात मरण पावलेले संयुक्त राष्ट्रांचे पहिले आंतरराष्ट्रीय कर्मचारी. त्यांच्यावर अंत्यसंस्कार पुण्यात झाले. पुन्हा फौज पाठवायची वेळ आली तर ती कुणाच्या हुकमाखाली आणि कोणत्या राजकीय मुदतीसाठी, हे दिल्लीने आधी विचारून घ्यावं. ठराव 2803 मध्ये पॅलेस्टिनी राष्ट्राचा उल्लेख आहे, तारीख नाही.

फौजेपेक्षा आधी लागतील ती यंत्रं. गाझात पाच कोटी टनांहून अधिक राडारोडा पडलाय असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. जेसीबीचा कारखाना तळेगावला, ह्युंदाईच्या एक्स्कॅव्हेटरचा चाकणला. पुनर्बांधणीची कंत्राटं निघाली तर या पट्ट्याला काम मिळेल आणि ते घ्यावंच. पण राडारोडा उचलल्यावर खाली जी जमीन उघडी पडेल तिचा मालक कोण? घरांबरोबर कागद गेले, अनेक घरांत कागद वाचवणारं कुणी उरलं नाही, आणि गाझाचा समुद्रकिनारा पर्यटनासाठी विकसित करण्याच्या गोष्टी वॉशिंग्टनमधून कधीच सुरू झाल्या आहेत. सातबाऱ्यावरचं नाव न बघता मोजणीचे दगड रोवले की काय होतं, हे खेड आणि मावळ तालुक्यांना ठाऊक आहे. निर्वासितांच्या मालमत्तेचे दावे नोंदवून भरपाई देण्याची यंत्रणा भारताने 1954 मध्ये उभी केली आणि लाखो माणसांसाठी चालवली. तिच्यातल्या चुकांसकट तो अनुभव देऊ शकेल असा दुसरा देश सहज सापडणार नाही. गाझाच्या जमिनीच्या नोंदी पुन्हा उभ्या करायचं काम भारताने मागून घ्यावं, आणि राडारोडा उपसण्याच्या पहिल्या कंत्राटावर सही होण्याआधी मागून घ्यावं.